ओ गटाच्या पेशींशीही गुठळ्या होतात तेव्हा: रक्तपेशीवरची साखर आणि हुलग्याचा अर्क

प्रश्न थोडक्यात असा आहे. मराठवाड्यातल्या एका रक्तपेढीत बाळंतपणासाठी दाखल झालेल्या बाईचा नमुना आला. ए आणि बी गट ओळखणारे द्राव, म्हणजे अँटि-ए आणि अँटि-बी, दोन्हींशी गुठळी झाली नाही, म्हणून स्लाइडवरून ‘ओ पॉझिटिव्ह’ लिहिलं गेलं. क्रॉसमॅचला, म्हणजे रुग्णाचा प्लाझ्मा (रक्तातला पातळ द्राव) आणि पिशवीतल्या पेशी मिसळून बघताना, मात्र पेढीतली ओ गटाची एकही पिशवी जुळेना. विचारणाऱ्या तंत्रज्ञाला दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत: पेशीवरच्या साखरेचा यात नेमका काय संबंध, आणि हुलग्याच्या दाण्यांच्या अर्काने रक्तगट ओळखतात हे खरं का.

आधी तातडीचं. उलगडा होईपर्यंत या बाईला ओ गटाची कुठलीही पिशवी द्यायची नाही. ओ निगेटिव्हसुद्धा नाही. अडचणीच्या वेळी ‘ओ निगेटिव्ह सगळ्यांना चालतं’ या भरवशावर पिशवी लावली जाते, आणि हा नमुना बॉम्बे गटाचा (ओसारखा दिसणारा, पण ओ पेशीही न चालणारा दुर्मिळ गट) असेल तर तीच पिशवी जीव घेऊ शकते. प्रसूती विभागाला आत्ताच फोन करून सांगा की जुळणारं रक्त मिळायला वेळ लागेल, म्हणजे रक्तस्राव रोखण्याची तयारी ते आधीपासून ठेवतील.

आता साखर. लाल पेशीच्या पृष्ठभागावर प्रथिनं आणि मेदरेणू असतात आणि त्यांना साखरेच्या साखळ्या जोडलेल्या असतात. एबीओ गट ठरतो तो या साखळीच्या टोकाला कोणती साखर आहे त्यावरून. साखळीच्या शेवटी गॅलॅक्टोज आणि त्याच्या आधी एन-असिटिलग्लुकोसामाइन, हा पाया सगळ्यांकडे असतो. त्या गॅलॅक्टोजवर एक एन्झाइम फ्युकोज नावाची साखर बसवतं, आणि तयार होतो एच अँटिजेन, म्हणजे अँटिबॉडीला ओळखता येणारी खूण. एच तयार असेल तरच पुढचं काम होतं: ए गटाचं एन्झाइम त्यावर एन-असिटिलगॅलॅक्टोसामाइन बसवतं, बी गटाचं एन्झाइम साधं गॅलॅक्टोज बसवतं. ओ गटात हे शेवटचं एन्झाइम निकामी असतं, म्हणून एच उघडा राहतो.

म्हणजे ओ पेशीवर साखर नसते हा समज चुकीचा आहे. ओ पेशीवर साधारण १७ लाख एच जागा असतात, आणि सर्वांत जास्त एच याच गटात सापडतो. खरी ‘रिकामी’ पेशी वेगळीच. ज्यांच्याकडे फ्युकोज बसवणारं एन्झाइमच नाही, त्यांच्या पेशीवर एच नाही, म्हणून ए-बीची जनुकं शाबूत असली तरी त्यांना साखर बसवायला जागा नाही. हाच बॉम्बे गट. डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी तो मुंबईत शोधला आणि १९५२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडला. भारतात साधारण दहा हजारांत एक असं त्याचं प्रमाण सांगितलं जातं.

अँटि-ए आणि अँटि-बीला बॉम्बे पेशी ओसारखीच दिसते, कारण दोन्हींवर ए नाही आणि बीही नाही. फरक रुग्णाच्या प्लाझ्मात असतो. आतड्यातल्या जिवाणूंच्या अंगावरही ए, बी, एचशी मिळत्याजुळत्या साखरा असतात. ज्या साखरा आपल्या स्वतःच्या पेशीवर नाहीत त्यांच्याविरुद्ध शरीर जन्मानंतर तीन ते सहा महिन्यांत अँटिबॉडी बनवू लागतं, रक्त कधीही चढवलेलं नसलं तरी. (याच कारणाने तान्ह्या बाळाचं रिव्हर्स ग्रुपिंग, म्हणजे प्लाझ्मातल्या अँटिबॉडीवरून गट ठरवणं, याला अर्थ नसतो.) बॉम्बे गटाच्या माणसाला एच परका, म्हणून त्याच्याकडे अँटि-ए आणि अँटि-बीसोबत जोरदार अँटि-एच असतं. ते ३७ अंशांलाही काम करतं आणि कॉम्प्लिमेंट (पेशी फोडणारी रक्तातली प्रथिनं) जागं करून ओ पेशी रक्तवाहिनीतच फोडतं.

स्लाइड टेस्ट फक्त पेशी बघते, प्लाझ्मा बघत नाही. म्हणून ही चूक स्लाइडवर कधीच पकडता येत नाही. शिबिरात प्राथमिक चाळणी म्हणून स्लाइड ठीक आहे, अहवालासाठी नाही. आणि ट्यूबमध्ये रिव्हर्स करतानाही अनेक ठिकाणी फक्त ए आणि बी पेशी घेतात. ओ पेशींची तिसरी नळी आणि ऑटो कंट्रोलची (रुग्णाचा प्लाझ्मा आणि त्याच्याच पेशी) चौथी नळी कधीही वगळू नका. या प्रकरणात अख्खं निदान त्या दोन नळ्यांत आहे.

करायचं असं. रुग्णाच्या पेशी सलाइनने तीनदा धुवा. एक भाग घट्ट पेशी आणि १९ भाग सलाइन घेतलं की ५ टक्क्यांचं सस्पेन्शन होतं. फॉरवर्डसाठी, म्हणजे पेशींवरून गट ठरवण्यासाठी, अँटि-ए, अँटि-बी, अँटि-एबी आणि अँटि-एच लेक्टिन (एच साखर पकडणारं बियांतलं प्रथिन) प्रत्येकी एक थेंब, त्यात पेशींचा एक थेंब. रिव्हर्ससाठी प्लाझ्माचे दोन थेंब आणि अनुक्रमे ए-१ (ए गटाचा मुख्य उपगट; दुसरा ए-२), बी, ओ आणि रुग्णाच्या स्वतःच्या पेशींचा एकेक थेंब. १००० आरपीएमला एक मिनिट फिरवा, तळाचा पेशींचा गोळा हलक्या हाताने सोडवत वाचा. जोरात झटकलं तर कमकुवत गुठळ्या मोडतात आणि निगेटिव्ह लिहिलं जातं.

बॉम्बे असेल तर फॉरवर्डच्या चारही नळ्या स्वच्छ येतील, रिव्हर्सला ए-१, बी, ओ तिन्हींशी घट्ट चार प्लस (सर्वांत जोरदार गुठळी), ऑटो कंट्रोल निगेटिव्ह. अँटिबॉडी स्क्रीनिंगच्या पेशी ओ गटाच्याच असतात, त्यामुळे स्क्रीन आणि पॅनेल (अँटिबॉडी शोधायच्या दोन्ही चाचण्या) हेही सगळं पॉझिटिव्ह. गटापुढचं ‘पॉझिटिव्ह-निगेटिव्ह’ ठरवणारं अँटि-डी मात्र नेहमीसारखं वाचता येतं. आरएच डी हे प्रथिन आहे, साखरेशी त्याचा संबंध नाही, म्हणून ‘पॉझिटिव्ह’ हा अर्धा शेरा बरोबर असू शकतो.

ऑटो कंट्रोलही पॉझिटिव्ह आला तर वाट बदलते. तिथे बहुधा थंडीत काम करणारी ऑटो अँटिबॉडी, म्हणजे अँटि-आय, असते. मायकोप्लाझ्माच्या न्यूमोनियानंतर ती वाढते, आणि तिचं लक्ष्यही साखरच आहे: मोठ्या माणसाच्या पेशीवरची फांद्या फुटलेली साखळी. नाळेच्या रक्तातल्या पेशींवर ती साखळी सरळ असते, म्हणून नाळेच्या ओ पेशींशी ही अँटिबॉडी फारच फिकी पडते. नमुना ३७ अंशांवर ठेवून कोमट सलाइनने धुवा आणि पुन्हा वाचा. ऑटो निगेटिव्ह आहे, ओ पेशी पॉझिटिव्ह आहेत, पण अँटि-एच लेक्टिनशी रुग्णाच्या पेशी छान गुठळतात, असं आलं तर तो खरा ओ आहे आणि प्लाझ्मात दुसरी एखादी अँटिबॉडी आहे. अँटि-एम, अँटि-लुइस ए अशा अँटिबॉडी खोलीच्या तापमानाला हा गोंधळ घालतात. प्रथिनांचं प्रमाण फार वाढल्यामुळे नाण्यांच्या चळतीसारखे थर लागले असतील तर प्लाझ्मा काढून तेवढंच सलाइन घाला. ते सुटतात, खऱ्या गुठळ्या सुटत नाहीत.

बॉम्बेचा संशय पक्का वाटला की अँटि-एच ३७ अंशांला चालतं का ते बघा: ३० ते ६० मिनिटं वॉटर बाथमध्ये ठेवा. वरचा द्राव गुलाबी झाला तर ती पेशी फुटल्याची खूण आहे आणि ती पॉझिटिव्हच धरायची. यासाठी ताजं सिरम घ्या. इडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) घातलेल्या प्लाझ्मात कॅल्शियम बांधलं गेलेलं असतं, कॉम्प्लिमेंट चालत नाही, आणि पेशी फुटणं दिसतच नाही.

यानंतर लाळ. एच बनवणारी जनुकं दोन आहेत: एक रक्तपेशीसाठी, एक लाळ आणि इतर स्रावांसाठी. खऱ्या बॉम्बेत दोन्ही बंद असतात. पॅरा-बॉम्बेत पेशीवर एच नसतो, किंवा अगदी पुसट असतो, पण बहुतेकदा लाळेत सापडतो. रुग्णाला खळखळून चूळ भरायला लावून ५ मिली लाळ घ्या (तंबाखू-सुपारीचे कण राहिले तर वाचन बिघडतं), फिरवा, वरचा द्राव उकळत्या पाण्यात ८ ते १० मिनिटं ठेवा. उकळल्याने लाळेतली एन्झाइमं मरतात, साखर मात्र टिकते. पुन्हा फिरवून निवळ द्रावात तेवढंच सलाइन घाला. ओ पेशींशी दोन प्लस येईल इतकं पातळ केलेलं अँटि-एच लेक्टिन एक थेंब आणि लाळ एक थेंब, ८ ते १० मिनिटं. मग ओ पेशींचा एक थेंब घालून अर्धा-एक तास थांबून फिरवा. गुठळी आली नाही तर लाळेत एच आहे. सोबत लाळेऐवजी सलाइन घातलेली नळी हवीच, नाहीतर लेक्टिन मेलेलं होतं की लाळेने अडवलं, हे कळायला मार्ग राहत नाही.

आता लेक्टिन म्हणजे काय, आणि हुलगा. लेक्टिन हे एखादी ठरावीक साखर पकडणारं प्रथिन. अँटि-एच लेक्टिन उलेक्स युरोपियस या पिवळ्या फुलांच्या काटेरी झुडपाच्या बियांतून काढतात. ते आपल्या शिवारात होत नाही. पण ए-१ ओळखणारं लेक्टिन आपल्या हुलग्यात आहे. कोकणात ज्याला कुळीथ म्हणतात तोच हा दाणा, आष्टी-पाटोद्याच्या मुरमाड माळावर कमी पावसातही येणारा. वनस्पतिशास्त्रात त्याचं जुनं नाव डॉलिकोस बायफ्लोरस, आणि रक्तपेढीतल्या बाटलीवर आजही तेच नाव असतं. जी. डब्ल्यू. जी. बर्ड यांनी १९५१ मध्ये त्याचा हा गुण ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध केला. तेव्हा प्रश्नाचं उत्तर हो, हे अगदी खरं आहे. फक्त हुलगा ए-१ ओळखतो. बॉम्बे ओळखत नाही.

हुलग्याचं लेक्टिन एन-असिटिलगॅलॅक्टोसामाइन पकडतं, म्हणजे ए गटाची टोकाची साखर. ती साखर ए-२ पेशीवरही असतेच. फरक दाटीचा आहे: ए-१ पेशीवर अशा जागा सुमारे ८ ते ११ लाख, ए-२ पेशीवर अडीच-पावणेतीन लाख. लेक्टिन आणि साखर यांचं एकेकटं बंधन कमजोर असतं. एक कुसळ चटकन निघतं, पण कुसळी गवतातून चालत आलेल्या माणसाच्या धोतराला लागलेली शेकडो कुसळं काढायला संध्याकाळ जाते. लेक्टिनच्या एका रेणूला साखर धरायच्या एकापेक्षा जास्त जागा असतात, आयजीएम अँटिबॉडीला दहा. साखर दाट असेल तरच दोन पेशी एकमेकींना बांधून ठेवण्याइतकी बंधनं जमतात. पेशीवरची साखर ओळखण्याचा जवळजवळ प्रत्येक प्रकार असा संख्येवर चालतो, आणि म्हणून अर्काचं प्रमाण चुकलं की उत्तर चुकतं.

महाविद्यालयात प्रात्यक्षिकासाठी अर्क करायचा तर १० ग्रॅम हुलगे घ्या. पेरणीसाठी औषध लावलेलं बियाणं नको, भाजलेले दाणेही नकोत. मिक्सरमधून जाड रव्यासारखे काढा. फार वेळ फिरवलं तर पीठ तापतं आणि प्रथिन बिघडतं. ४० मिली ०.९ टक्के सलाइनमध्ये ४ ते १२ तास भिजवा, अधूनमधून हलवा. आपल्या उन्हाळ्यात हे बाहेर ठेवलं तर जिवाणू माजतात, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवणं बरं. ३००० आरपीएमला ५ मिनिटं फिरवून वरचा द्राव ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळा. गाळणी लगेच तुंबते, म्हणून आधी साध्या फिल्टर पेपरमधून काढा.

हा कच्चा अर्क तसाच वापरला तर ए-२ पेशीही गुठळतात आणि विद्यार्थी ‘हुलगा म्हणजे अँटि-ए’ असा निष्कर्ष काढून मोकळे होतात. म्हणून सलाइनमध्ये दुप्पट-दुप्पट पातळ करत जा आणि प्रत्येक पायरी ए-१, ए-२, बी आणि ओ पेशींवर तपासा. ए-१ शी तीन प्लस आणि बाकी तिघांशी काहीही नाही, ती पायरी तुमची. एक थेंब अर्क, एक थेंब पेशी, लगेच फिरवून लगेच वाचा. नळी तशीच ठेवून दिली तर ए-२ हळूहळू सामील होतो. प्रत्येक लॉटचं प्रमाण नव्याने ठरवावं लागतं. छोट्या कुप्या भरून उणे २० अंशांवर ठेवा, एकदा वितळलेली कुपी पुन्हा गोठवू नका.

साखरच पकडली जाते याचा पुरावा हवा असेल तर प्रयोग सोपा आहे. अर्काच्या एका थेंबात ०.२ मोलरचा, म्हणजे मिलीला सुमारे ४४ मिलिग्रॅम, एन-असिटिलगॅलॅक्टोसामाइनचा एक थेंब घालून १० मिनिटं थांबा, मग ए-१ पेशी घाला. गुठळी येत नाही, कारण लेक्टिनचे हात मोकळ्या साखरेनेच भरले. शेजारच्या नळीत तेवढंच ग्लुकोज घातलं तर गुठळी नेहमीसारखी येते. साखर महाग आहे, पण वर्गाला विषय समजवायला याहून चांगलं काही नाही. अर्क उकळला तरी गुण जातो, आणि शेंगोळे शिजवून खाणाऱ्यांनी या लेक्टिनची काळजी करायचं कारण नाही.

रुग्णाच्या अहवालासाठी मात्र घरचा अर्क नको. परवाना असलेलं रीएजंटच वापरा आणि रोज ए-१ व ए-२ पेशींवर तपासा. त्याची गरज लागते ती ए किंवा एबी गटाच्या माणसाचा प्लाझ्मा ए-१ पेशींना गुठळवतो तेव्हा. तो ए-२ असू शकतो आणि त्याने अँटि-ए१ बनवलेलं असू शकतं. ते ३७ अंशांला चालत असेल तरच रक्त देताना महत्त्वाचं. नवजात बाळाच्या ए पेशींवर साखर अजून पूर्ण बसलेली नसते, म्हणून तिथे हुलगा निगेटिव्ह आला तरी ए-२ लिहू नका.

आपल्या भागासाठी एक इशारा वेगळा द्यावासा वाटतो. एबीओच्या चाचण्या २० ते २४ अंशांना चांगल्या होतात. मे महिन्यात एसी बंद पडलेल्या खोलीत ३८-४० अंश असतात. तिथे कमकुवत अँटि-ए, अँटि-बी निसटतं, कमकुवत उपगट ओ म्हणून जातो. नमुन्यांचा डबा उन्हात गाडीत पडून राहिला तर दुसरा घोळ. वाढलेल्या जिवाणूंचं न्युरामिनिडेझ एन्झाइम पेशीवरचं सायलिक आम्ल कापून टाकतं आणि खालची टी नावाची साखरजोडी उघडी पडते. सगळ्या मोठ्या माणसांच्या प्लाझ्मात अँटि-टी असतं, म्हणून अशा पेशी कुणाच्याही प्लाझ्माशी गुठळतात. न्यूमोकोकसच्या गंभीर संसर्गात किंवा आतड्याला सूज आलेल्या कमी दिवसांच्या बाळात हेच शरीरातही घडतं. ते पकडायला वापरतात भुईमुगाच्या दाण्याचं लेक्टिन. सोयाबीनचं लेक्टिनही त्याच संचात असतं, हुलगाही. तिन्ही आपल्या शिवारातले.

जिवाणू टोकाची साखर बदलतात त्याचं दुसरं उदाहरण आतड्याच्या कर्करोगात दिसतं. जिवाणूंचं एन्झाइम ए साखरेवरचा असिटिल गट काढून टाकतं, उरलेली साखर बीच्या गॅलॅक्टोजसारखी भासते, आणि ए-१ रुग्ण एबी वाचला जातो. प्लाझ्मात अँटि-बी मात्र तसंच असतं. फॉरवर्डला फिकं बी आणि रिव्हर्सला जोरदार अँटि-बी, ही विसंगती दिसली की निदान विचारा आणि दुसऱ्या क्लोनच्या, म्हणजे दुसऱ्या पेशीवंशातून बनवलेल्या, अँटि-बीने तपासा.

रक्तपेढीबाहेर हीच ओळख शरीरभर चालते. इन्फ्लुएन्झाचा विषाणू पेशीवरच्या सायलिक आम्लाला धरून आत शिरतो. माणसात रुळलेले प्रकार ते आम्ल २-६ जोडणीने बसलेलं पसंत करतात, पक्ष्यांतले २-३ जोडणीने. लघवीच्या संसर्गातला ई. कोलाय मूत्राशयाच्या अस्तरावरचं मॅनोज धरतो. जखमेजवळ रक्तवाहिनीच्या आतल्या पेशी सिलेक्टिन नावाची लेक्टिनं उभी करतात, आणि वाहत्या पांढऱ्या पेशी आपल्या अंगावरच्या सायलिल लुइस एक्स साखरेने तिथे अडखळत थांबतात.

आता त्या बाईकडे परत. अँटि-एच लेक्टिन निगेटिव्ह आणि ओ पेशी चार प्लस असं आलं तर नमुना मोठ्या संदर्भ प्रयोगशाळेकडे पाठवा, पण त्याची वाट बघत बसू नका. तिच्या सख्ख्या भावंडांना त्याच दिवशी बोलवा. आई-वडील दोघांकडे एकेक बंद जनुक असेल तर प्रत्येक भावंडात हा गट असण्याची शक्यता चारात एक असते. मामे-आते भावंडांत लग्नं होणाऱ्या घरांत पुढच्या पिढीतही तो सापडू शकतो, म्हणून त्या घरातली मुलंही तपासा. मुंबई-पुण्याच्या पेढ्यांकडे बॉम्बे दात्यांच्या याद्या असतात. फोन करताना आरएच, किती पिशव्या आणि कधीपर्यंत हे तिन्ही सांगा. लाल पेशींची पिशवी बॉम्बे गटाचीच हवी, आणि आलेली पिशवी एच लेक्टिनने तपासूनच क्रॉसमॅचला घ्या. लेबलवर बॉम्बे लिहिलेलं असलं तरी. बाईच्या कार्डावर ‘बॉम्बे गट, ओ देऊ नये’ असं मराठीत ठळक लिहा, घरच्यांना वाचून दाखवा, आणि ती बरी झाल्यावर हिमोग्लोबिन भरून आलं की दाता म्हणून तिचं नावही, तिला विचारून, यादीत घाला.